रुंबा, जरा हळू

दादाने कीबोर्डचं बटण दाबलं आणि खोलीत पाच-सहा माणसं एकदम वाजवत घुसावीत तसा गलका झाला. ढोल, खुळखुळे, खाली धमधमणारा बेस आणि मधूनच किंचाळणारी ट्रम्पेट. पेटीबाई खुर्चीतून अर्धी उठलीच. शेजारच्यांची खिडकी धाडकन बंद झाली.

“हा सांबा,” दादा म्हणाला. “घाबरू नकोस, हा तुझ्यासाठी नाही.”

पेटीबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण चर्चमध्ये तिला दुसऱ्या नावाने हाक मारल्याचं कुणाला आठवत नसे. लग्नाआधीपासून रविवारच्या उपासनेला पेटी तीच वाजवायची. एरवी ती इस्पितळाच्या कपडेखोलीत चादरी आणि अभ्रे सांभाळायची. तिथे ती कुणाच्या अध्यात ना मध्यात. पेटीसमोर बसली की मात्र पाठ ताठ व्हायची, मान डोलायची, आणि तिची पट्टी सोडून जायची कुणाची हिंमत नसायची.

मग अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, जीभ सावरली, डावा हात तेवढा रुसून बसला. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट सांगितलेलं ऐकायचं. उरलेली तीन बोटं दुसऱ्या कुणाची असावीत तशी पडून राहायची.

तेव्हापासून मंडळी पेटीविना गात होती आणि ते गाणं ऐकवत नव्हतं. पाळक एका सुरात सुरुवात करायचे, शेवट भलत्याच सुरात व्हायचा. थोरल्या काकू, म्हणजे कमिटीतल्या सगळ्यांत वयस्कर बाई, प्रत्येक ओळीनंतर दम खायला थांबायच्या आणि त्यांच्या मानासाठी सगळी मंडळी थांबायची. शेवटी पाळकांनी पेटीबाईला बाजूला घेऊन अगदी मऊ आवाजात सांगितलं, की यापुढे गाणी रेकॉर्डवर लावावीत असं कमिटीत चाललंय. तिने मान डोलावली. घरी येऊन नळ मोठा सोडला आणि त्या आवाजात रडून घेतलं. तोंड पुसलं आणि तशीच दादाकडे गेली.

दादा तिचा थोरला भाऊ. उभी हयात त्याने हॉटेलातल्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवला होता, नाचणाऱ्या जोडप्यांसाठी. त्यांचे वडील चर्चमध्ये मंडळीकडून गाणी म्हणवून घ्यायचे. मुलगा हॉटेलात वाजवतो हे कळलं तेव्हा ते म्हणाले होते, की ते हात आता इथल्या पेटीला लागायचे नाहीत. दादाने ते इतकं मनावर घेतलं, की पेटी राहिली बाजूला, तो चर्चची पायरीसुद्धा चढला नाही. वडिलांच्या अंत्यविधीलाही तो फाटकाबाहेर उभा राहिला होता.

बहिणीचं सगळं ऐकून त्याने कपाटावरून कीबोर्ड काढला, धूळ झटकली आणि तिला समोर बसवलं.

“डाव्या हाताने एकच पट्टी दाब. सोड आता.”

तिने अंगठ्याने एक पट्टी दाबली आणि कुठून कोण जाणे बेस आला, गिटार आली, मागे व्हायोलिनं आली. बोट उचललं तरी ते सगळे आपले वाजवतच राहिले. सूर बदलायचा तर दुसरी पट्टी दाबायची. उदास सूर हवा तर शेजारची काळी पट्टी सोबत घ्यायची. म्हणजे बोटं दोन लागणार, आणि तिच्याजवळ दोनच होती. पेटीबाईला हसू फुटलं ते आवरेना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसली.

आता प्रश्न आला तालाचा. यंत्रात ताल खच्चून भरले होते, पण बनवणाऱ्याच्या डोक्यात चर्च काही आलेलं दिसत नव्हतं. मार्च लावला तर मंडळी कवायतीला निघाल्यासारखी वाटली. डिस्कोवर क्षमायाचनेचं गीत वाजवून बघितलं, तेव्हा दादाला पाणी प्यायला उठावं लागलं. मग तो लॅटिन तालांकडे वळला. ते त्याचं खरं राज्य. रुंबा, बीगिन, चा-चा-चा, बोसानोव्हा.

“यांच्यातला ढोल काढून टाकायचा,” तो म्हणाला. “वेग निम्म्यावर आणायचा. मग बघ आत काय निघतं ते.”

बोसानोव्हाचा ढोल गेला, खुळखुळे गेले. उरला पाण्यावर होडी डुलावी तसा बेस आणि गिटारचे हलके झटके. पेटीबाईने त्यावर संध्याकाळच्या उपासनेचं गीत धरलं. ते गीत तिने आयुष्यभर वाजवलं होतं आणि आयुष्यभर ते एका जागी बसूनच असायचं. आज ते उठलं आणि चालायला लागलं. एक कडवं झालं, दुसरं झालं, आणि दादा डोळे मिटून खुर्चीत मागे टेकला.

तो आठवडा तिचे पाय जमिनीला लागले नाहीत. कपडेखोलीत ती चादरींच्या घड्या रुंब्यावर घालू लागली. सोबतीण म्हणाली, झटका सगळ्यांना असा मानवत नाही हं. तीन मात्रांची गीतं या तालांत बसत नव्हती, ती तिने सरळ बाजूला ठेवली. पाळकांकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी तालाचं नाव विचारलं. खोटं तिला बोलता येईना. पाळकांनी आधी खिडकी लावून घेतली आणि मग म्हणाले, एक रविवार बघू, पण नाव कुणाला सांगू नका.

रविवारी दादाने कीबोर्ड पायरीपर्यंत आणला. पुढे तो रखवालदाराच्या हातात दिला आणि स्वतः फाटकाशी जाऊन उभा राहिला. तिने आग्रह केला नाही.

पहिलं गीत बोसानोव्हावर सुरळीत पार पडलं. काकू सवयीने ओळीशेवटी थांबल्या. बेस थांबला नाही. त्या धावत पुढच्या ओळीला जाऊन मिळाल्या. मंडळी एकमेकांकडे बघू लागली.

दुसरं उपकारस्तुतीचं. पेटीबाईने रुंबा निवडला, पट्टी दाबली, आणि ढोल बंद करायचा राहूनच गेला. ढोल, खुळखुळे, घंटा, सगळं एकदम आणि नाचाच्या वेगात. पाळकांच्या हातातलं पुस्तक खाली आलं. तिला बटण सापडेना. पण उजवा हात जन्मभराचा सरावलेला, तो आपणहून गीत वाजवत सुटला आणि मंडळी त्याच्यामागे धावली. दुसऱ्या कडव्याला मागच्या बाकांवर टाळ्या सुरू झाल्या. कित्येक वर्षांत त्या भिंतींनी एवढा आवाज ऐकला नव्हता. बाहेर दादाला मात्र एवढंच कळलं, की ढोल सुटलाय आणि बहीण एकटी आहे. तो पायऱ्या चढून धावत आत आला. शेवटच्या बाकापाशी पोचतो तोवर तिला बटण सापडलं होतं. आता परत फिरायला कारण राहिलं नव्हतं आणि पुढे जायलाही नव्हतं. तो तिथेच टेकला.

गीत संपलं. काकू दम सावरत वळल्या.

“पेटीबाई, याला म्हणायचं काय?”

पाळकांनी डोळे मिटून घेतले.

“रुंबा, काकू.”

काकूंनी विचार केला. “बरा आहे,” त्या म्हणाल्या. “पुढच्या खेपेला जरा हळू.”

शेवटचं गीत विसर्जनाचं, उपासना संपताना म्हणायचं, वडिलांच्या फार आवडीचं. तिने हळुवार बीगिन लावला, ढोल दोनदा तपासला आणि अंगठा ठेवला. तिसऱ्या कडव्याला तिला मान वर करून बघायचा धीर आला. सगळ्यांच्या माना पुस्तकांत होत्या. शेवटच्या बाकापाशी दादा उभा होता. त्याच्या हातात पुस्तक नव्हतं. हात मांड्यांशी सरळ सोडलेले, नजर समोर, आणि ओठ एकेका शब्दावर बरोबर हलत होते. कुठेही अडखळत नव्हते.

चौथं कडवं संपलं. ताल थांबवायचा तर आता बटण दाबायला हवं होतं. पाळकांनी आशीर्वादासाठी हात उचललासुद्धा.

पेटीबाईने बटण दाबलं नाही. डावा अंगठा पुन्हा पहिल्या पट्टीवर नेला आणि गीत परत पहिल्या कडव्यापासून धरलं. पाळकांनी तिच्याकडे बघितलं, हात खाली घेतला आणि तेही गाऊ लागले.