तिसरी हाक

"हे तुला पटायचं नाही, बाबली. देवळाच्या पायरीवर उभा राहून सांगितलं तरी पटायचं नाही," सगुणबाब म्हणाले आणि सोप्यावर मांडी घालून बसले. म्हणजे आता चहा गार होईपर्यंत सुटका नव्हती.

धारगळात त्यांच्या थापा सगळ्यांनाच पाठ होत्या. तेरेखोलच्या नदीतल्या मगरीला त्यांनी विडीचं व्यसन लावलं होतं, आणि ते सोडवलंही होतं. त्यांची सून विनोदिनी डिचोलीच्या एका दवाखान्यात नर्स. कप ठेवून ती दाराशीच टेकली. सासऱ्यांच्या गोष्टी तिला आवडायच्या. त्यातलं खरं किती, हे शोधण्यात तिला मजा वाटे.

"आज दाढी काय, इस्त्रीचं शर्ट काय!" शेजारचा बाबली म्हणाला. "नवरो झालंस काय रे?"

"मधी बोलू नको. कानाच्या यंत्राची गोष्ट सांगतंय."

गोष्टीची सुरुवात खरी होती, हे विनोदिनीला माहीत होतं. कान तपासायला तीच त्यांना घेऊन गेली होती. काचेच्या बंद खोलीत बसवून तिथल्या मुलीने सांगितलं, आजोबा, आवाज आला की बटण दाबा.

"आता तूच सांग. खोलीत माणूस दिसत नाही, आणि कानात कोणतरी म्हणतंय, टूं! दाबू मी बटण?"

"छे छे," बाबली घाईने म्हणाला.

छे म्हणणारच. हाक मारणारा दिसत नसेल तर पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही, हे इथं पोराला चालायच्या आधी शिकवतात. जिवंत माणूस तिसरी हाक मारतो. मेलेल्याला तिसरी मारता येत नाही. बाबलीच्याच चुलत्याने, धाकूने, भर दुपारी पहिल्या हाकेला ओ दिली आणि तो विहिरीकडे गेला. परत आला तो चौघांच्या खांद्यावर.

"मी प्रत्येक वेळी तिसऱ्या टूंची वाट बघितली. ती बिचारी आवाज वाढवत गेली. शेवटी लिहून दिलं, म्हातारा ठार बहिरा!"

हे त्यांनी स्कूटरवर मागे बसून सांगितलं तेव्हा विनोदिनीला हसू आवरेना; गाडी कडेला घ्यावी लागली होती. बाबा, पुन्हा तपासू, म्हणाली तर ऐकायला तयार नाहीत. ठार बहिऱ्याला द्यावं तसं जबरदस्त यंत्र त्यांच्या कानात बसलं.

"मग काय विचारतोस! साखरेच्या डब्यात मुंगी खोकली तरी माका आयकू येय. पाव भाजणाऱ्या पोदेराच्या घरात पीठ फुगतंय ते आयकू येय. गावच्या शिंवेवर राखणदार देवचाराच्या वहाणा करकरायच्या, तर मी सुनेला म्हटलं, त्याला सांग, थोडं तेल लाव!"

बाबली खो खो हसला. विनोदिनीही हसली.

सगुणबाब मात्र हसले नाहीत. शर्टाची बाही नीट करत म्हणाले, "आणि काल दुपारी मागीलदारी चंद्रावती आयकू आली."

बाबलीचं हसू तोंडातच राहिलं. चंद्रावती म्हणजे सगुणबाबांची बायको. तिला जाऊन दोन पावसाळे झाले होते.

"आधी काकणं वाजली. मग आवाज. 'अवो, ऐकलात?' जन्मात कधी नाव घेतलं नाही माझं, कालही नाही घेतलं. मी गप्प. माडाची झावळी हलत नव्हती, कावळा नव्हता. परत म्हणाली, 'अवो, ऐकलात?' अगदी जवळून, बाबली. आंघोळीनंतर तिच्या केसांना शिकेकाईचा वास यायचा ना, तो आला."

"आणि तिसरी?" बाबलीने हळूच विचारलं.

"तिसरीची वाट बघितली. आली नाही."

"तू ओ दिली नाहीस ना रे?"

"खुळा काय मी? दिली असती तर तुझ्यासमोर बसलो असतो? हे यंत्राचं काम. म्हणून आता ते कानात घालणार नाही. नकोच ते."

बाबलीने सुटल्यासारखा श्वास सोडला आणि कप तोंडाला लावला. सगुणबाबांनी विनोदिनीकडे बघितलं, एखाद्या लहान मुलाने बघावं तसं, आणि लगेच नजर फिरवून मागच्या दाराकडे कान दिला.

अशा हाकांवर विनोदिनीचा विश्वास नव्हता. माणसं कशाने मरतात हे ती रोज बघत होती. पण ती गुळगुळीत दाढी, देवळाला जाताना घालायचं ते शर्ट, आणि सकाळी बाबांनी स्वतःच आवरून ठेवलेली खाट, हे सगळं आता तिला एकदम दिसलं.

"बाबा, खोटं बोलताय," ती म्हणाली. "काल यंत्र तुमच्या कानात नव्हतंच. आवाज कमी करून आणायला मी सकाळीच डिचोलीला नेलं होतं. दुपारी मी फाटकातून आत येत होते, यंत्र माझ्या पर्समध्ये होतं. आणि तुम्ही ओ दिलीत, बाबा. 'येतंय गो' म्हणालात. मी माझ्या कानांनी ऐकलं."