भांडण फक्त वेळेचं

गारखेड्यातल्या संस्थेच्या ऑफिसात अक्षदा सकाळपासून एका वाक्यावर अडकून बसली होती. गंगापूरकडच्या धनगरवस्तीला मेंढरांच्या दवाखान्याची फिरती गाडी मिळणार की नाही, ते त्या वाक्यावर ठरणार होतं. गाडी देणारे परदेशातले. वस्तीचं म्हणणं काय, ते त्यांना पाचच्या आत इंग्रजीत हवं होतं.

आणि वस्तीत तर जुंपलेली! मल्हारी म्हणे, गाडी सकाळीच यावी, मेंढरं चरायला सुटायच्या आत. बानाबाई म्हणे, सकाळी बायांना मरायला फुरसत नाय, कळप परतल्यावर संध्याकाळी या. दोघांच्याही मागं निम्मी निम्मी वस्ती.

अक्षदाला धास्ती होती ती मागच्या वर्षीची. तेव्हा पाण्याचा हौद कुठं बांधायचा यावर लोक भांडत होते, आणि हिनं ऐटीत लिहून टाकलं, 'पब्लिक ओपिनियन इज मिक्स्ड'. तिकडच्यांना वाटलं, लोकांना हौदच नको. झालं! हौद गेला दुसऱ्या गावाला. मेंढरं अजूनही पाण्यासाठी लांब जातात. बानाबाईनं त्यावरून एका शब्दानंही बोल लावला नाही, आणि तेच अक्षदाला जास्त लागलं होतं.

संस्थेचे प्रमुख कमरोद्दीन सर खांद्यावरून डोकावले. "लिखो बेटा, 'डायव्हर्जंट पर्स्पेक्टिव्ज हॅव इमर्ज्ड'. जरा वजन येतं."

सर माणूस लाख मोलाचा, पण इंग्रजीत शिरले की कुणाच्या हाती लागत नसत. अक्षदानं फोन उचलला.

"बानामावशी, वस्तीचं म्हणणं एका दमात सांगा बरं."

"आगं, गाडी समद्यांलाच पायजे. भांडान हाय ते येळेचं. त्यात काय अवघड हाय, बाई?"

अक्षदानं कपाळावर हात मारला, वहीतली घरांची मोजदाद पाहिली आणि लिहिलं, 'एव्हरी फॅमिली वॉन्ट्स द व्हॅन. दे डिसॲग्री ओन्ली अबाउट द टाइम. ट्वेंटी-टू फॅमिलीज वॉन्ट मॉर्निंग, ट्वेंटी वॉन्ट इव्हनिंग.'

"बस? एवढंच?" सरांचा चेहरा पडला. "हे तर शाळेतलं पोर लिहील."

"आणि शाळेतल्या पोरालाही कळेल, सर," अक्षदा बोलून गेली आणि स्वतःच घाबरली. सरांनी तिच्याकडं पाहिलं, मग पुन्हा वाक्य वाचलं. "भेज दे," ते म्हणाले.

चार दिवसांनी उत्तर आलं. गाडी मंजूर! संध्याकाळी येईल, वस्तीतच मुक्काम करील आणि सकाळी उरलेली मेंढरं तपासूनच परतेल. अक्षदाला हसावं की रडावं कळेना. तिनं दोन्ही केलं, वस्तीला निरोप धाडला आणि संध्याकाळी बानाबाईला फोन लावला. पलीकडं हा गलका!

"मावशी, मिटलं ना आता भांडण?"

"मिटतंय कसलं! गाडी रातीला कुणाच्या दारात हुबी करायची, त्यावरनं पेटलंय." बानाबाईचा आवाज जरा खाली आला. "पर पोरी, लई बरं वाटलं बघ. आमी भांडलो की शहरातल्यांला वाटतं, आमाला कायबी नको. या खेपेला तू आमचं भांडान जसंच्या तसं धाडलंस."

अक्षदा काही म्हणणार, तोच पलीकडचा गलका वाढला.

"आता ठिव फोन," बानाबाई म्हणाली. "मल्हारी लई बोलायलाय, मला जाऊ दे."