चित्रात नसलेली पाठ

“आणि हे? हेही उंदरांनी केलं का?” मी पुस्तकाचं पान खिडकीच्या उजेडात धरलं. पाणमांजराच्या पिल्लाच्या कॉलरभोवती आठ बारीक छिद्रं चमकत होती.

नेदामावशींनी चष्मा कपाळावर चढवला आणि वाकून पाहिल्यासारखं केलं. “आठ नाहीत, सात. एक आधीचंच असेल.”

“मावशी, हे वाचनालयाचं पुस्तक आहे.”

“मग मी काय ते खाल्लं? टाचणी नसली की चित्र उतरवायचा पातळ कागद हलतो गं पोरी. कागद हलला की गळा चुकतो, आणि गळा चुकला की लेकरू दिवसभर मान खाजवत बसतं. तुला पुस्तकाची काळजी, मला मानेची.”

सोळा वर्षं मी आमच्या गावच्या वाचनालयाचा मुलांचा विभाग सांभाळते आहे. कुठलं पुस्तक मुलांच्या खऱ्या आवडीचं आहे हे कळायची माझी खूण एकच. त्याला टाचण्यांची भोकं असतात.

नेदामावशींनी आयुष्याची अठ्ठावीस वर्षं डाव्या बाह्या शिवल्या. नदीकाठच्या कारखान्यात उजव्या बाह्यांची रांग वेगळी होती, कॉलरची वेगळी, खिशांची वेगळी. आपली बाही पुढे कुठल्या कोटाला लागली ते त्यांना कधी कळलं नाही. कारखाना बंद झाला तेव्हा त्या एकोणपन्नास वर्षांच्या होत्या, घरी एकट्या. महिनाभर नुसत्या खिडकीत बसून राहिल्या. मग एके दिवशी शेजारचं पोर काखेत पुस्तक मारून आलं आणि म्हणालं, “या बेडकाची विजार मला शिव.” मावशींनी जन्मात विजार शिवली नव्हती. ती शिवली, उसवली, पुन्हा शिवली. तेव्हापासून आमच्या गावातली लेकरं पुस्तकांच्या पानांतून उठून आल्यासारखी हिंडतात. कुणी कोल्ह्याच्या जाकिटात, कुणी चंद्रावर जाणाऱ्या मुलीच्या झग्यात.

त्यांचे नियम ठरलेले. पान आईने निवडायचं नाही, मुलाने निवडायचं. आणि माप घेताना मुलाने ती गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगायची. सांगता सांगता हात जिथे उंचावतो तिथे बाही सैल हवी, जिथे मूल उडी मारतं तिथे घेर हवा. टेप हे सांगत नाही, असं त्या म्हणत.

मशीनवर बसल्या की गुणगुणत. रविवारी फादर सावांचं प्रवचन ऐकायचं आणि आठवडाभर तेच पायाखालच्या पट्टीच्या तालावर घोळवायचं. आमचे फादर सावा प्रवचन नुसतं सांगत नाहीत. बोलता बोलता कुठेतरी त्यांचा आवाज उचलतो, शब्द लांबतो, आणि आपल्याला कळायच्या आत ते गात असतात. मी त्या आवाजासाठी गुडघाभर बर्फातून गेले आहे, पुन्हा जाईन. नेदामावशी तर म्हणत, “देवा, डाव्या बाह्यांबद्दलही तुझे आभार. हात बसला.”

तर ते पाणमांजराचं पुस्तक बोझुरासाठी होतं. बोझुरा सहा वर्षांची. तिची आई कालिना तीन वर्षांपूर्वी इटलीत एका म्हाताऱ्या बाईची देखभाल करायला गेली, ती आलीच नाही. दर वर्षी येते म्हणायची आणि दर वर्षी ती म्हातारी अंथरूण धरायची. मुलगी आजीकडे, म्हणजे मिताआजीकडे. आता मात्र तिकीट निघालं होतं. ईस्टरच्या आधीच्या रविवारी, फांद्यांच्या सणाला, सकाळी साडेदहाची बस. बस चर्चसमोरच थांबते. “थेट आतच येते,” असं कालिनाने फोनवर सांगितलं होतं.

त्याचाच बोझुराला घोर लागला होता. पहिल्या मापाच्या वेळी मी तिथेच होते.

“सांग गोष्ट,” मावशी टेप गळ्यात टाकून म्हणाल्या.

“पाणमांजराचं पिल्लू जत्रेत हरवतं. त्याला लाल कोट असतो. सगळे त्याला समोरून बघतात, पण कुणाला माहीत नसतं ते कुणाचं आहे. मग त्याची आई मागून येते, आणि मागूनच ओळखते.”

“आणि तुला हाच कोट का गं?”

“चर्चमध्ये मी पुढे उभी असणार. आजी म्हणते, देवाकडे पाठ करायची नाही. म्हणजे मला मागे बघता येणार नाही.” ती थांबली. “फोनमध्ये आईला माझं फक्त तोंड दिसतं. माझी पाठ तिनं तीन वर्षं बघितली नाही.”

मावशींनी मापाचा आकडा दोनदा लिहिला, दोन्ही वेळा चुकीचा.

कोट सुरेख झाला. कारखाना बंद होताना गोदामातला लाल लोकरी कापडाचा एक तागा मावशींच्या वाट्याला आला होता, त्यातलाच. वर लाकडी गुंड्या आणि चित्रातल्यासारखी रुंद कॉलर. धुऊन इस्त्री करून त्यांनी तो दोन दिवस खिडकीत टांगला, आणि तिथेच घात झाला. खिडकी रस्त्यावर आहे. त्या दोन दिवसांतच तीन मुलं आपापल्या आयांना ओढत आली. तिघांच्याही हातात तेच पुस्तक. वाचनालयाकडे त्याच्या चार प्रती आहेत आणि उरलेल्या तीन मीच हौसेने काढून दिल्या होत्या, हे इथे कबूल करते. मावशींना लेकराला नाही म्हणणं जमत नाही. पान मुलांनीच निवडलेलं, गोष्ट मुलांनीच सांगितलेली. नियमात सगळं चोख बसत होतं.

सणाच्या आदल्या दिवशी दुपारी मुलं वाचनालयात गाण्याच्या तालमीला जमली. एकामागोमाग एक तीन लाल कोट आत आले. मग बोझुरा आली. दारातच थांबली. मोजल्यासारखं एकेकाकडे पाहिलं. रडली नाही. कोट काढला, बाह्या आत घालून नीट घडी केली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

“हा परत घ्या,” ती म्हणाली. “दुसऱ्या कुणाला द्या. सगळ्यांसारखा आहे.”

तालीम संपायची वाट न बघता मी तो घेऊन मावशींकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं. कोट मांडीवर घेतला आणि त्यावरून हात फिरवला.

“सगळे सारखे निघाले की कारखान्यात शाबासकी मिळायची गं,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, इथेही तसंच असतं.”

मग उठल्या, पुस्तक उघडलं आणि एकेक पान उलटू लागल्या. पिल्लू समोरून, पिल्लू बाजूने, पिल्लू बाकाखाली. शेवटच्या पानावर मागे आई उभी, पुढे पिल्लू आपल्याकडे तोंड करून. “बघ,” मावशींचा आवाज बदलला. “या चित्रकारानं पाठ काढलीच नाही. एकाही पानावर नाही. आईला काय दिसलं ते आपल्याला दिसतच नाही. चल, ऊठ.”

आम्ही पोचलो तेव्हा मिताआजी उद्याच्या सणाचा मासा साफ करत होत्या. त्याही त्याच कारखान्यातल्या, पण तपासणीच्या टेबलावर. एक टाका वाकडा दिसला की कपड्यावर खडूची फुली. सगळ्या बाया त्यांना टरकून असायच्या.

“या,” त्या सुरी न थांबवता म्हणाल्या. “घाऊक शिवणकाम जोरात दिसतंय.”

“बोल बाई, बोल. माझं चुकलंच,” मावशींनी कोट टेबलावर अंथरला, पाठ वर करून. “याच्या पाठीवर काहीतरी हवंय.”

“पत्ता लाव. पिनकोडसकट.”

बोझुरा तालीम सोडून घरी आली होती. मावशी कोपऱ्यात बसलेल्या बोझुराजवळ गेल्या आणि जमिनीवरच बसल्या. “बाळा, गोष्टीतल्या आईनं पाठीवर काय बघितलं?”

“तुला नाही माहीत?”

“नाही.”

“मलापण नाही.” बोझुराने विचार केला. “ते फक्त आईला माहीत असतं.”

मिताआजींची सुरी थांबली. त्यांनी हात धुतले, पुसले आणि स्वयंपाकघराच्या दारामागून एक एप्रन काढून आणला. फिकट निळा, पांढऱ्या ठिपक्यांचा.

“कालिनाचा आहे,” त्या म्हणाल्या. “गेली त्या दिवसापासून तिथेच आहे. धुतला नाही. आता हसा.”

मावशींनी पिशवीतून कात्री काढली.

“मिता, कापावा लागेल,” नेदामावशी हळूच म्हणाल्या.

“डोळे आहेत मला. कापायला आणलाय की वाळत घालायला?” पण कात्री पुढे आली तेव्हा त्यांची बोटं एप्रनवरून सुटेनात. मग त्यांनी तो नातीपुढे धरला. “तू सांग, कुठला तुकडा.”

मला वाटलं ती खिसा दाखवील, त्यावर एक चेरी भरलेली होती. बोझुराने खालच्या कडेजवळ बोट ठेवलं. तिथे इस्त्रीचं टोक उमटलेला तपकिरी डाग होता.

“हा? हा तर जळका आहे बाळा.”

“हा माझ्यामुळे जळला. मी पायरीवरून पडले आणि ओरडले, म्हणून आई इस्त्री तशीच टाकून आली. आई म्हणाली, जळू दे.”

नेदामावशींनी मिताआजींकडे पाहिलं. अठ्ठावीस वर्षांची सवय होती ती, तुकडा पुढे केला की त्या तोंडाकडे बघायची.

“माझ्या टेबलावर आला असता,” मिताआजी म्हणाल्या, “तर एवढी मोठी फुली मारली असती.” त्यांनी नाक ओढलं. “लाव. बरोबर मध्ये लाव. दोन्ही खांद्यांपासून मोजून.”

तिथेच, माशाच्या वासात, दिवसाचा उजेड होता तोवर मावशींनी ते ठिगळ हाताने बसवलं. कडा आत दुमडून, इतके बारीक टाके की मिताआजींनी दोनदा चष्मा पुसला आणि काही बोलल्या नाहीत. त्यांच्याकडून याहून मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी चर्च भरून गेलं होतं. प्रत्येकाच्या हातात वाळुंजाची फांदी. मुलं पुढे रांगेत, मिताआजी त्यांच्या कडेला पहारेकऱ्यासारख्या. मी आणि नेदामावशी दाराजवळ मेणबत्त्यांपाशी उभ्या होतो. पुढच्या रांगेत चार लाल पाठी. मेणबत्त्यांच्या उजेडात, इतक्या लांबून, एका पाठीवर हाताच्या पंजाएवढा फिकट ठिपका.

फादर सावा बोलू लागले. “प्रभू शहराच्या वेशीतून आत आला. मोठ्या माणसांनी एकमेकांना विचारलं, हा कोण? शहाणी माणसं, त्यांना सगळं विचारावं लागतं. लेकरांनी विचारलं का?” आणि इथे तो आवाज उचलला, घुमटाला लागला. “लेकरांनी विचारलं नाही... फांद्या तोडल्या... आणि धावली...” माझ्या अंगावर काटा आला. नेहमी येतो.

तेवढ्यात बाहेर बसचा ब्रेक कुरकुरला.

दार हळूच उघडलं. कालिना आत आली. वाळली होती, केस आखूड कापले होते. बॅग भिंतीशी ठेवली, क्रुसाची खूण केली, मेरीच्या तसबिरीवर ओठ टेकले. मग मान वर केली, आणि तिच्यासमोर होत्या नुसत्या पाठी. शे-दीडशे पाठी. तिची नजर पुढे पुढे गेली आणि लाल रांगेवर थांबली. लाल कोट म्हणून तिला फोनवर सांगितलं होतं, पण ते चार असतील असं कोण सांगणार!

ती मधल्या वाटेने निघाली. रांगेतल्या पहिल्या मुलीचे केस पिवळसर, दोन वेण्या. तीन वर्षांपूर्वी बोझुराचे तसेच होते, आता काळसर झालेत. कालिना सरळ त्या वेण्यांकडे चालली. नेदामावशींनी माझं मनगट इतकं आवळलं की कळ आली. हाक मारता आली असती. मावशींचे ओठ उघडलेसुद्धा. त्यांनी ते मिटून घेतले.

वेण्यांपासून दोन पावलांवर कालिना थांबली. तिची मान किंचित डावीकडे वळली. आणि तिचे दोन्ही हात आपोआप स्वतःच्या कमरेशी गेले, ओले हात पुसायला एप्रन शोधावा तसे.

तिने हाक मारली नाही. प्रवचन चाललं होतं. ती बाजूला सरली, बोझुराच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिने आपला पंजा त्या ठिगळावर ठेवला. ठिगळ पुरतं झाकलं गेलं. आम्हाला मागून चारही कोट सारखेच दिसू लागले.

फादर सावांना मात्र समोरून दोघींचे चेहरे दिसत असणार. त्यांचा सूर तसाच लांबला, लांबतच राहिला. पुढचा शब्द येईना.

नेदामावशींनी माझं मनगट सोडलं. हातातली मेणबत्ती कलली होती, मेण बोटांवर ओघळत होतं, ते त्यांना कळत नव्हतं. “आभार,” त्या पुटपुटल्या, “आभार.”

बोझुरा वळली नाही. देवाकडे तोंड करूनच तिने एक पाऊल मागे टाकलं.