गुनवोरचा नवरा

"कुणाला आपला त्रास होता कामा नये, हालवार."

आई हे सांगायची तेव्हा तिचा आवाज कधी चढला नाही. गाईच्या कुशीला कपाळ टेकून ती दूध काढत असायची आणि धारेच्या तालावर ते शब्द बादलीत पडायचे. गाय गेली, गोठा गेला, आईही गेली. हालवार सत्तरीला टेकला, तरी धार कानात चालूच होती. बसमध्ये खोकल्याची उबळ आली तर तो मधल्याच थांब्यावर उतरून चालत घरी यायचा. दाढ दुखली तरी शुक्रवारी डॉक्टरांकडे जायचा नाही. त्यांना सुट्टीचे वेध लागले असतील, उगाच कशाला.

गुनवोरलाही तो काही बोलला नव्हता, ते यापायीच.

गुनवोर त्याची शेजारीण. दोघांच्या घरांमध्ये लायलॅकच्या जांभळ्या फुलांची झुडपं, पलीकडे तळं. तिचा नवरा गेल्यापासून तिच्या दारातला बर्फ हालवार उपसायचा, ती उठायच्या आत. मग केव्हातरी त्याच्या पायरीवर लिंगोनच्या, म्हणजे रानातल्या लाल आंबट बोरांच्या, जॅमची बरणी दिसायची. दार कुणी वाजवत नसे. आता तिची शहरातली लेक मागे लागली होती, आई, वेस्तेरोसला ये, माझ्या खालच्याच मजल्यावर फ्लॅट मिळतोय. मध्यउन्हाळ्याचा सण झाला की सोमवारी घरं विकणारा माणूस फोटो काढायला येणार होता. हे तिने सांगितलं तेव्हा हालवार म्हणाला, "हं. बरं होईल." आणि घरी जाऊन, ऐन जूनमध्ये, दोन हिवाळ्यांना पुरतील एवढी लाकडं फोडून बसला. जाऊ नकोस म्हणणं म्हणजे तिला त्रास देणंच की.

त्यात अमेरिकेचे पाहुणे आले.

मार्लिस आणि ड्वेन, राहणार मिनेसोटा. मार्लिसचा पणजोबा स्वीडनमधल्या याच गावातून, गुनवोरच्याच घरातून, पोटासाठी बाहेर पडला होता. सणाच्या आधल्या आठवड्यातल्या शुक्रवारी संध्याकाळी त्यांची गाडी दारात लागली. गुनवोरची पाठ धरलेली, म्हणून बॅगा उचलायला हालवार गेला. मार्लिसने त्याला पाहिलं, हात पसरले आणि छातीशी कवटाळलं. डॉक्टर सोडले तर हालवारच्या इतकं जवळ कित्येक वर्षांत कुणी आलं नव्हतं.

"हे गुनवोरभगिनीचे स्वामी! आपणांस पाहून अंतःकरण संतोषले!"

आपणांस म्हणजे कुणाला, म्हणून हालवारने मागे वळून पाहिलं. गावात पाद्रीबुवांनाही सगळे 'अरे तू' म्हणतात. पण मार्लिसचं स्वीडिश आजीकडून आणि देवळातल्या जुन्या भजनपोथीतून आलेलं. ती गाडीला रथ म्हणत नव्हती एवढंच.

गुनवोरने तोंड उघडलं. मग मिटलं. पाहुणी दाराशी पाऊल ठेवते न ठेवते तोच तिची चूक काढायची? हालवारने विचार केला, गुनवोरच बोलेल. गुनवोरने विचार केला, हालवारच बोलेल. एवढ्यात ड्वेनने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि बोलायची वेळ निघून गेली.

आत टेबलावर टाको मांडलेले होते. शुक्रवार म्हटला की गावातल्या प्रत्येक घरात टाकोच. मक्याच्या कुरकुरीत पुऱ्या, खिमा, काकडीचे तुकडे. मार्लिसच्या डोळ्यांत पाणी तरळलं. "आमच्यासाठी अमेरिकी भोजन! इतके कष्ट कशाला घेतलेत? आम्ही तर क्षारात भिजवलेला सुका मासा खाऊ. घरी दर नाताळात आम्ही तोच खातो."

"जूनमध्ये?" गुनवोर घाबरून म्हणाली. तो मासा तिने लहानपणी एकदा चाखला होता आणि पुढच्या नाताळात ताप आल्याचं नाटक केलं होतं.

जेवणानंतर हालवार उठला. "बराय, मी निघतो."

"निघता? कोठे?" ड्वेनने विचारलं.

गुनवोर भांड्यांकडे बघत म्हणाली, "तो घोरतो. म्हणून झोपायला पलीकडच्या घरात जातो."

ड्वेन थक्क झाला. "ऐकलंस, मार्लिस? घोरण्यासाठी स्वतंत्र घर! आम्ही उगाच नाही म्हणत, हा देश शंभर वर्षं पुढे आहे." आणि त्याने लगेच हालवारच्या लाल घराचा फोटो काढून मिनेसोटातल्या सगळ्या नातलगांना पाठवला.

दुसऱ्या दिवशी दुकानात गल्ल्यावरच्या सीवने हालवारच्या हातात दूध ठेवलं आणि ते सोडेचना. "अभिनंदन," ती हळूच म्हणाली. "पाहुणीने सांगितलं. मी काही विचारलं नाही हं."

"ते तसं नाहीये, सीव."

"मी म्हटलं ना, विचारत नाहीये." तिने आणखी हळू विचारलं, "पण कधी केलंत?"

गावाने तोंडातून ब्र काढला नाही. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायचं नाही, हा गावचा धर्मच. पण त्या आठवड्यात प्रत्येकाला लायलॅकच्या झुडपांजवळूनच फिरायला जायचं सुचत होतं.

आणि हालवारच्या आयुष्यात कधी नव्हे ते रोज गरम जेवण आलं. गुनवोर मिठाची वाटी न विचारता त्याच्याकडे सरकवायची. त्याच्या सदऱ्याचं बटण तुटलं होतं, ते तिने तो सदरा अंगात असतानाच शिवलं, कारण मार्लिस बघत होती. सुई छातीपाशी वरखाली होत असताना हालवारने श्वास रोखून धरला. बटण एवढ्या लवकर शिवून होतं, हे त्याला फार वाईट वाटलं.

सणाच्या दिवशी गाव मैदानावर जमलं. बर्चच्या डहाळ्यांनी आणि रानफुलांनी मढवलेला खांब उभा राहिला. आकाश गच्च भरलेलं, म्हणून सगळे पावसाळी जाकिटात. आणि त्यात पणजीच्या काळचा पोशाख करून आलेली दोनच माणसं, पट्टेदार झगा नि पिवळी तुमान: मार्लिस आणि ड्वेन. जर्मन प्रवाशांची एक बस थांबली होती. त्यांनी गाव सोडून या दोघांचेच फोटो काढले.

फेर सुरू झाला. गाण्याचं पहिलं कडवं गावाने दणक्यात म्हटलं, कारण तेवढंच पाठ होतं. पुढे सगळे ओठ मिटून गुणगुणायला लागले. तेव्हा मार्लिसचा आवाज एकटाच वर आला, गोड, जरासा कापरा, मिनेसोटाच्या बर्फात जपून ठेवलेला:

"सात कुंपणं ओलांडली गं, सात फुलं खुडली,
उशाखाली ठेवली नि रात कुणी चोरली?
आठवं कुंपण लायलॅकाचं, ओलांडवेना बाई,
पल्याड उभा सजण मुका, हाक मारत नाही."

फेरातल्या म्हाताऱ्या थबकल्या. या सणाच्या रात्री सात फुलं उशाखाली ठेवली की होणारा नवरा स्वप्नात येतो, त्यावरचं हे कडवं त्यांच्या आज्या म्हणायच्या. गाव विसरलं, समुद्रापलीकडे टिकलं. हालवारचा हात गुनवोरच्या हातात होता, फेराचा नियमच तसा. त्याने समोर बघितलं. गुनवोरनेही समोरच बघितलं. पण हात मात्र दोघांचेही घामेजले होते.

मग लांबलचक टेबल, मुरवलेली हेरिंग मासळी, शेपू घातलेले नवे बटाटे, छोटे पेले. ड्वेन पेला घेऊन उभा राहिला. "आमच्या यजमानांस! सांगा, आपल्या विवाहास वर्षे किती जाहली?"

"एकेचाळीस," गुनवोर म्हणाली. तिच्या डोक्यात तिचं खरं लग्न होतं.

"अकरा," हालवार त्याच क्षणी म्हणाला.

सगळं गाव बटाट्यात तोंड घालून बसलं. सीवला ठसका लागला.

ड्वेनने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि तो गडगडून हसला. "एकेचाळीस, आणि त्यांतली अकरा सुखाची! असा प्रामाणिक नवरा जगात दुसरा नाही!" पेले रिकामे झाले. गुनवोर हसली नाही. तिचा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. बर्फ पहिल्यांदा उपसला गेला, तो त्याच हिवाळ्यात. ती हालवारच्या तांबड्या झालेल्या कानाकडे बराच वेळ बघत राहिली.

रविवारी पाहुणे गेले. निघताना मार्लिस दोघांच्याही गळ्यात पडून रडली. "बाहेर सगळे सांगतात, स्वीडिश लोक थंड, मुके. किती खोटं! तुमच्यासारखं प्रेमळ जोडपं मी पाहिलं नाही." गाडी वळणाआड दिसेनाशी होईपर्यंत दोघं हात हलवत उभे राहिले. मग हात खाली आले आणि त्यांचं काय करायचं ते दोघांनाही कळेना.

"बरेच कष्ट पडले तुला," गुनवोर म्हणाली.

"छे छे."

"अकरा कुठून आणलंस?"

"तोंडाला येईल ते बोललो."

"हं." तिने जरा वाट पाहिली. "उद्या फोटोवाला येतोय. गवत फार वाढलंय. कापशील?"

"कापतो."

हालवारने शेडमधून यंत्र ओढून आणलं. दोरी खेचली, यंत्र खोकून चालू झालं. त्याने एक पट्टा कापला. मागे वळून पाहिलं, तर अंगणाचा तो तुकडा इतका नीटनेटका, इतका परका दिसत होता की जणू तिथे दुसऱ्या कुणाची माणसं राहायला आलीसुद्धा. त्याने यंत्र बंद केलं.

गुनवोर पायरीवर आली. "पेट्रोल संपलं?"

"नाही. ते... छपराची दोन कौलं हललीत. फोटोत दिसतील."

"दिसू देत."

"आणि आता विकलंस तर भाव चांगला येणार नाही. लोक सुट्टीवर. शरदात बघावं."

"शरदात?"

"शरदात पाऊस असतो तसा. मग हिवाळ्यात तर कुणी घर घेतच नाही. वसंतात..." त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. "वसंतात रस्ते चिखलाचे."

"हालवार," गुनवोर म्हणाली, "हे सगळं छपराबद्दल चाललंय का?"

तो गवताकडे बघत उभा राहिला. आईचा आवाज आला, बादली, धार, सगळं आलं. त्याने ते होऊ दिलं. मग त्याने मान वर केली.

"तुला त्रास होईल," तो म्हणाला, "झाला तर होऊ दे. तू जाऊ नयेस असं मला वाटतं, गुनवोर. मला तू इथेच हवी आहेस."