पांढऱ्या फरशीवरचे दोन थेंब

केनवडच्या बाजारात त्या दिवशी भाजीपेक्षा जास्त गर्दी हरीओम महाराजांभोवती होती. महाराज पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर बापाच्या आणि लेकराच्या रक्ताचा एकेक थेंब टाकत, काडीने ढवळत. "रक्त रक्ताले ओळखते," ते म्हणत. "आपलं असलं तर मिसळते, परकं असलं तर फाटते."

छोटा बबलू बापासारखा दिसत नाही, एवढ्यावरून धुरपताबाईने मुलगा सतीश आणि नातू यांना तिथे आणलं होतं. दोघांचे थेंब ढवळताच तांबड्या वाळूसारखे कण दिसले. सून राखीने लेकराला घेऊन माहेरी जावं, असं धुरपताबाईने तिथेच सुनावलं. सतीश खाली पाहत राहिला.

राखीने माहेरून सरकारी दवाखाना गाठला. तिथल्या डॉ. धम्मदीप बाईंनी तिचं ऐकून घेतलं आणि रक्तगट तपासला. मायलेक दोघेही बी. दवाखान्याच्या जुन्या नोंदीत सतीशचा गट ए होता आणि धुरपताबाईचा ओ.

पुढच्या बाजारी डॉक्टर तशीच फरशी आणि नव्या सुया घेऊन आल्या. सतीशबरोबर आलेल्या धुरपताबाईला त्यांनी विचारलं, "आजी, सतीश तुमच्याच पोटचा ना?"

"मंग काय बजारातून आणला?"

लोक हसले. डॉक्टरांनी धुरपताबाई आणि सतीश यांचे थेंब ढवळले. तेही फाटले. आता कोणी हसलं नाही.

"सुईले विटाळ झाला," महाराज म्हणाले.

"माझी सुई नवी आहे. तुमी एकच सुई सकाळपासून किती जणांले टोचली?"

महाराज फरशी आवरू लागले. डॉक्टरांनी समजावलं: न जुळणाऱ्या गटांचं रक्त एकत्र आलं की गुठळ्या होतात. त्यातून नातं कळत नाही.

पुढे सर्वांच्या संमतीने नमुने रक्तगटाच्या जनुकचाचणीला गेले. सतीशमध्ये ए आणि ओ अशी दोन जनुकं निघाली. ओ आईकडून आलेलं, एमुळे झाकलेलं. बबलूत राखीचं बी होतं, आणि तेच झाकलेलं ओ. गटावरून बाप ठरत नाही, डॉक्टरांनी बजावलं. पण फरशीचा आरोप टिकला नाही.

सतीश राखीला न्यायला गेला. ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"फरशी खोटी निघाली म्हणून आला. त्या दिवशी खाली काहून पाह्यलं?"

सतीश एकटाच परतला. ती अजून माहेरीच आहे.

महाराज आता किन्हीराजा गावाकडे बसतात म्हणे. तिथल्या लोकांनी बोट पुढे करू नये. शंका असेल तर डॉक्टरला विचारावं. आणि त्याआधी, शंका आली कशावरून, हे स्वतःला विचारावं.