डबीवरचा नंबर

चर्चच्या व्यायामशाळेत, बास्केटबॉलच्या जाळीखाली, साठेक बायका घडीच्या खुर्च्यांवर दाटीने बसल्या होत्या. समोर सिस्टर मार्वा टॉलहर्स्ट (आमच्या चर्चमध्ये सगळ्याच बायका एकमेकींना सिस्टर म्हणतात) एका तान्ह्या मुलाची बाही वर सरकवून त्याचा हात सगळ्यांना दाखवत होत्या. चार दिवसांपूर्वीच्या फोटोत तो हात सोललेल्या टोमॅटोसारखा होता. आता लोण्यासारखा मऊ. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी डोळे पुसले.

"या मलमात काय आहे म्हणाल, तर डोंगरातल्या सेजचा पाला, मधमाश्यांचं मेण आणि माझ्या खापरपणजीची प्रार्थना," मार्वा म्हणाल्या. "ती बाई इथे वस्ती करायला आलेल्या पहिल्या लोकांबरोबर हातगाडी ओढत, मैदानं तुडवून आली. गाडीतलं पीठ संपलं, पण हे मलम संपलं नाही."

जिला पीठ पुरलं नाही त्या बाईने मलम एवढं कशाला भरून घेतलं होतं, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. पण आमच्याकडे दर महिन्याला एका रविवारी लोक उठून आपली साक्ष देतात, 'हे खरं आहे हे मला ठाऊक आहे' म्हणतात, आणि कुणी उलट प्रश्न करत नाही. तो रिवाज देवासाठी आहे. मार्वांनी तो मलमाला लावला. बायका एकेक करून उठल्या, हुंदके देत बोलल्या. डबीवर शंका घेणं म्हणजे शेजारणीला खोटारडी म्हणणं झालं असतं.

शिवाय टेबलावर चौकटीत बसवलेलं प्रमाणपत्र होतं. अन्न-औषध खात्याकडे नोंद, सोनेरी शिक्का, खाली लांबलचक नंबर. तोच नंबर प्रत्येक डबीवर. मी जीवशास्त्राची पदवीधर. मी तो नंबर नीट वाचला आणि दोन डब्या घेतल्या.

माझी मुलगी, नाव ओकली, तेव्हा सात महिन्यांची होती. इसबामुळे तिच्या गुडघ्यांमागे खाजवून खाजवून रक्त यायचं. तिसऱ्या दिवशी कातडी स्वच्छ झाली. माझी नणंद शॉना हिच्या मुलाचं, बूनचंही तसंच. दोन्ही मुलं गुटगुटीत दिसू लागली. दुकानात अनोळखी बायका थांबून त्यांचे गालगुच्चे घ्यायच्या.

मला काळजी करायची खोड आहे. नवरा म्हणतो, हिला सुख टोचतं. पण ओकलीचा पावलांसकट अंग झाकणारा बेबीसूट माझ्या डोळ्यांत खुपू लागला. पोटावरची बटणं लागेनात, आणि पावलांकडे मात्र तीन महिन्यांपूर्वी होती तेवढीच जागा मोकळी. पोर रुंद होत होती, लांब होत नव्हती.

डॉ. लिंडक्विस्ट यांनी तिला पट्टीवर झोपवून मोजलं, जुन्या नोंदी काढल्या आणि अंगाला काय लावता ते विचारलं. मी डबी पुढे केली. नंबरही दाखवला, जरा तोऱ्यातच.

त्यांनी नंबराकडे पाहिलंही नाही. "हे आज एकदम बंद करायचं नाही," त्या म्हणाल्या. "आधी रक्त तपासू. मग मी सांगेन तसंच सोडवायचं."

डबी प्रयोगशाळेत गेली. आत निघालं स्टिरॉइड, तेही इतकं जहाल, की तान्ह्या मुलाला लावायला डॉक्टरही कचरतात. जादू होती ती एवढीच. ते सूज दाबतं म्हणून कातडी चार दिवसांत गुळगुळीत होते. मग ते कातडीतून रक्तात उतरतं, शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं थांबवतं, गाल फुगतात आणि उंची खुंटते. आम्ही ज्या गालांचे मुके घेत होतो, ते दुखणंच होतं.

आणि नंबर? तो म्हणजे कारखान्याचा पत्ता आणि मालाची यादी कळवल्याची पोच. असं मलम विकायच्या आधी खातं ते तपासून मंजूर करत नाही. डबीवर ज्याचं नाव, त्याने ते सुरक्षित असल्याची खात्री करायची असते. खातं असली चौकटीतली प्रमाणपत्रंही देत नाही. सोनेरी शिक्का कुणा दलालाने छापून दिला होता.

पुढच्या सभेला मी अहवाल घेऊन उभी राहिले. मार्वा गोंधळल्या. आपण बादलीत फक्त सेज आणि मेण मिसळतो, असं म्हणाल्या. कसली बादली, मी विचारलं. तयार क्रीमची, पुरवठादाराकडून येते ती.

"त्यात काय असतं, सिस्टर?"

"तो म्हणाला, सगळं नैसर्गिक आहे. मी कशाला विचारू?"

त्या खोटं बोलत नव्हत्या. मग त्या रडल्या. साठ बायकांना रडणाऱ्या मार्वा दिसल्या आणि कोरड्या डोळ्यांनी कागद धरून उभी असलेली मी. कुणीतरी माझा दंड हलकेच दाबून म्हणालं, "तुझा अनुभव तुझ्यापुरता, सिस्टर."

मी तक्रार केली. माल परत घेतला गेला. आठवडाभर मार्वांच्या घरी सांत्वनाला चीज-बटाट्यांच्या पराती जात राहिल्या. वसंतात मार्वांची नवी डबी आली. नाव नवं, नंबरही नवा.

शॉनाने माझ्या सांगण्यावरून मलम बंद केलं होतं, पण डॉक्टरांना न विचारता, एकदम. दोन दिवसांत बूनचं अंग आगीसारखं फुललं. तिने त्याचा अर्थ तिच्या परीने लावला आणि मलम पुन्हा सुरू केलं.

"तुझं ऐकलं, लॅनी, आणि बघ काय झालं. मलमच त्याला सांभाळत होतं."

"अगं, ते सोडल्यानेच भडका उडतो. डॉक्टरांकडे ने. निदान त्याची लांबी तरी मोज."

"लांबी काय करायचीय? गाल बघ की त्याचे."

ओकली आता सावरते आहे. पुरती उंची गाठेल का, हे डॉक्टर सांगत नाहीत. परवा तिला आखूड झालेला बेबीसूट शॉनाने मागून नेला. बून तिच्याहून तीन महिन्यांनी मोठा आहे. त्याला तो पावलांकडे सैल होतो.

हे वाचणाऱ्या आयांनो, डबीवर नंबर दिसला तर तो कशाचा, ते विचारा. चार दिवसांत चमत्कार झाला तर आत काय घातलंय, ते विचारा. समोरची बाई रडली तरी विचारा. मी उशिरा विचारलं. शॉना अजून विचारत नाही.