चोच मारलेला टोमॅटो

चिलीतल्या लिमाचे गावी, आपल्या छोट्या अंगणात एर्सिलियाबाईंचा सगळा जीव टोमॅटोच्या एका रोपात अडकला होता. आईच्या वाणाचं शेवटचं बी पेरून ते आलं होतं. धाकटा भाऊ लिओनसिओ तरुणपणी देश सोडून स्वीडनला गेला, तो आता म्हातारा होऊन रविवारी जेवायला येणार होता. फोनवर त्याचं मागणं एकच, "ताई, लहानपणीचा तो टोमॅटो खायचाय. इथले म्हणजे नुसते लाल पाण्याचे गोळे!"

आणि रोपावर पिकायला आलेला टोमॅटोही एकच होता. बाकीचे हिरवेगार.

"अगं बये, लाली धरलीय, तोड आता," शेजारीण नोल्बेर्ता कुंपणावरून ओरडली. "टोपलीत ठेव, घरात पिकेल. नाहीतर कस्तूर पक्षी ताव मारेल आणि तू बस बोंबलत!"

"घरात रंग येतो, चव नाही येत. आई म्हणायची, देठाशी हिरवं राहता कामा नये, बोटाला किंचित नमला की मगच तोडायचा. तू आपली तुझी मिरची बघ."

एरवी कस्तुराच्या धाकाने बाई स्वतःही लवकरच तोडायच्या. पण या वेळी भाऊ येणार होता. त्यांनी रोपाला जुना पडदा गुंडाळला.

रविवारी सकाळी पडदा एका बाजूने घसरला होता. टोमॅटो लालबुंद पिकला होता आणि त्याच्या गालाला हे एवढं भोक! बाई तिथेच मातीत बसून रडल्या. 'मी सांगितलं नव्हतं?' हे नोल्बेर्ताने कसंबसं गिळलं. तिच्या दृष्टीने हा मोठाच त्याग होता.

लिओनसिओ आला, बहिणीला मिठी मारली आणि थेट रोपाकडे गेला.

"ताई! तुझ्या लक्षात होतं?"

"काय?"

"अगं, अख्खे टोमॅटो घेऊन तू बाबांबरोबर बाजारात जायचीस. आम्हा धाकट्यांच्या वाट्याला कस्तुराने चोच मारलेले यायचे. हाच तर तो!"

त्याने भोकाभोवतीचा भाग कापून टाकला, उरलेल्याच्या फोडी केल्या. नोल्बेर्ता धावत जाऊन मीठ घेऊन आली.

बाईंनी तोंडात टाकलेली फोड उन्हाने कोमट होती. रस हनुवटीवर ओघळला; अशी गोडी एर्सिलियाबाईंनी कधी चाखलीच नव्हती. चोच लागलेलं फळ त्या जन्मभर कोंबड्यांना टाकत आल्या होत्या.

"लबाडांनो! आणि मला वाटायचं, चांगले माझ्या वाट्याला आले!" हसता हसता त्यांना ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी पडदा धुऊन दोरीवर वाळत होता.

"अगं, तो कस्तूर पुन्हा येईल ना!" नोल्बेर्ता कळवळली.

"येऊ दे की. कधी तोडायचा ते त्याच्याइतकं आपल्याला कुठे कळतं?"